साहेबांचं बिनकाट्यांचं घड्याळ

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढ्या तासिका वर्गात उभा राहिलो तेवढ्यांचाच मोबदला. दिवाळी, उन्हाळा, कोणी पुढारी वारले म्हणून अचानक सोडलेलं कॉलेज, यांचं काही मिळत नाही. पावसाळ्यात नेमणूक होते आणि परीक्षा आल्या की ती आपोआप संपते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अर्ज. मुलांना हा फरक कळत नाही, ती सगळ्यांनाच सर म्हणतात. स्टाफरूममध्ये तो खुर्च्यांवरून कळतो. टेबलाभोवतीच्या गादीच्या खुर्च्या पर्मनंटांच्या. आम्ही कपाटाजवळच्या बाकावर.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती वाहायचे, माय दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी होते, त्यांनी वडिलांना अडवून सांगितलं म्हणून मी सातवीनंतर शिकलो. शिष्यवृत्ती होती म्हणून नागपूरला वसतिगृहात राहिलो. ज्यांनी ज्यांनी दार उघडलं त्यांना मी विसरलेलो नाही. कदाचित हीच माझी अडचण आहे. कोणी दार थोडं किलकिलं केलं तरी मला ते उघडल्यासारखं वाटतं.

घड्याळांचा नाद वसतिगृहात लागला. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी दोलनांवर सेमिनार द्यायचा होता. मोबाईलवर घड्याळाच्या आतल्या चाकांचे व्हिडिओ शोधत होतो, आणि शोधता शोधता स्वित्झर्लंडच्या एका लहानशा कंपनीचं घड्याळ समोर आलं. त्याला काटेच नव्हते. खालच्या बाजूला मिनिटांची एक कमान, शून्यापासून साठपर्यंत. वर तीन चकत्या, प्रत्येकीवर चार आकडे. ज्या तासाची पाळी असेल त्याचा आकडा कमानीच्या डाव्या टोकाशी यायचा, सावकाश चालत उजव्या टोकाला जायचा आणि बाजूला व्हायचा. तोवर पुढच्या तासाचा आकडा डाव्या टोकाशी येऊन उभा. कुठलाही काटा कुठल्याही आकड्याकडे बोट दाखवत नव्हता. तास स्वतःच चालत येत होता.

मेसच्या रांगेत उभा राहून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मागचा पोरगा म्हणाला, "सरक ना गा, भात संपून राहिला."

त्या कंपनीची सगळीच घड्याळं अशी तऱ्हेवाईक. एकाला एकच काटा, आणि तो अख्ख्या दिवसात एकच फेरी मारतो. एकात काटा जागचा हलत नाही, तबकडीच त्याच्याखालून फिरते. डोंगरातल्या कुठल्याशा गावात मूठभर माणसं बसून ती बनवतात. ते गावही फोटोत आमच्या गावाएवढंच दिसायचं. मला त्यांच्या सोन्याचांदीचं काही वाटलं नाही. विकत घेण्याचा तर विचारच मनात येण्यासारखा नव्हता. मला वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं. लहानपणापासून वेळ मला ठरलेली, पक्की गोष्ट वाटत आली होती. मिलचा भोंगा वाजला की वडील उठायचे. बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या असलेल्या मालकाच्या मनगटावर सहा वाजायचे तेव्हा मायची संध्याकाळ व्हायची, सूर्य कुठेही असो. आमच्याकडे वेळ ही नेहमी दुसऱ्याच्या हातावर बांधलेली असायची आणि ती तशीच असते असं आम्ही समजायचो. इथे मात्र कोणीतरी शांतपणे बसून विचार केला होता की ही मांडणी अशीच का? बारा आकडे गोलात आणि मधे दोन काटे, हे कुठे लिहून ठेवलंय? आणि मग त्याने ती मोडून दुसरी मांडली होती, आणि तीही अचूक चालत होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपल्या घराण्यातली मांडणी मोडायला निघालेल्या पोराला याहून मोठा दिलासा काय असणार?

त्या घड्याळांवर बोलणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. माझं इंग्रजी तिथलं वाचून वाचून सुधारलं. एकदा धीर करून मी त्या चकत्यांच्या फिरण्याबद्दल प्रश्न विचारला. चांगला प्रश्न होता. एकाने उत्तर देण्याआधी विचारलं, तुमच्याकडे यातलं कोणतं आहे? मी लिहिलं, एकही नाही. त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. मी वाचत मात्र राहिलो.

आता साहेबांकडे येतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. धानाचा व्यापार, दोन राईस मिल, शाळा, कॉलेज. कॉलेजात सगळे त्यांना साहेबच म्हणतात. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणे यायला उशीर झाला. मंचावर साहेब बसलेले, शेजारी प्राचार्य. मी माईक धरून मागे उभा, कारण तासिकेवाल्यांना अशा दिवशी मंचाची कामं असतात. साहेबांनी एकदम मनगट पुढे केलं आणि हसत म्हणाले, "प्राचार्य साहेब, सांगा बरं किती वाजले."

प्राचार्यांनी चष्मा वर केला, खाली केला. उपप्राचार्य वाकून पाहू लागले. माझ्या मागे उभा असलेला शिपाई मला कुजबुजला, "सर, सायबाच्या घड्याळाचे काटे झडले वाटते."

मी वाकून पाहिलं. तेच होतं. इतकी वर्षं मोबाईलच्या काचेपलीकडे पाहिलेलं, आता हाताच्या अंतरावर, आणि तास कमानीवरून चालत होता.

"साहेब, अकरा वाजून वीस झाले," मी म्हणालो.

साहेबांनी वळून पाहिलं. "तुमाले वाचता येते हे?"

"हो साहेब."

"आतापावेतो एकालेही आलं नव्हतं," ते प्राचार्यांना म्हणाले. मग मला, "रविवारी घरी या."

त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने, तो रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्यासारखाच तासिकेवर आहे, मला त्या घड्याळाविषयी सगळं विचारून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे साध्या घड्याळात आकडे पर्मनंट रायतात अन् काटे तासिकेवर पळतात. या घड्याळात आकडेही तासिकेवर. आपली पाळी आली का चाला, संपली का बाजूले व्हा. म्हून आवडते का तुमाले?"

मीही हसलो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

रविवारी गेलो. मोठा हॉल, पायाखाली थंड फरशी. मी दाराशी चपला काढल्या, साहेब म्हणाले, "राहू द्या, सर." तरी काढल्या. त्यांनी मला स्वतःशेजारी सोफ्यावर बसवलं. माझ्या घराण्यातला कोणी अशा घरात याआधी सोफ्यावर बसला नव्हता. आजोबा असल्या घरी धान टाकायला जायचे तेव्हा अंगणाच्या कडेला बसून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायचे. मला पाहुण्यांच्या कपात चहा आला. साहेबांनी हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "घाला, सर. पाहा तं कसं वाटते."

ते त्यांच्या अंगाने कोमट झालेलं होतं. पट्टा मला सैल होत होता म्हणून मी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. मागच्या काचेतून आतलं चाक थरथरताना दिसत होतं. मी ते किती वेळ पाहत होतो कोणास ठाऊक. साहेब हसून म्हणाले, "चहा थंड झाला तुमचा."

मग तो रिवाजच पडला. त्यांच्याकडे कोणी नागपूरहून आलं, कोणी डॉक्टर, ठेकेदार, एखादा अधिकारी, की मला फोन यायचा. "सर, जरा येऊन जा." मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो. साहेब म्हणायचे, "हे आमचे फिजिक्सचे सर. यायले विचारा." मी सांगायचो. चकत्या कशा फिरतात, तास एकदम कसा बदलतो, तीन चकत्यांवर मिळून बाराच आकडे कसे पुरतात. मी मनापासून सांगायचो. वर्गात दोलक शिकवताना येत नाही असा आनंद मला तिथे यायचा, कारण वस्तू समोर होती. पाहुणे मान डोलवायचे. साहेब शेवटी एकच वाक्य टाकायचे, "अख्ख्या विदर्भात दुसरं नाही."

हळूहळू माझ्या लक्षात आलं होतं की साहेब स्वतः वेळ मोबाईलमध्ये पाहतात. त्यांना त्या घड्याळावरून वेळ वाचता येत नव्हती, आणि शिकायचीही नव्हती. त्यांना ते दुसऱ्या कोणाकडे नाही याचंच अप्रूप होतं. मला ज्या कारणाने ते आवडलं त्याचा त्यांच्या आवडीशी काही संबंध नव्हता. पण तेव्हा मला वाटायचं, कारण काही का असेना, एकाच वस्तूवर दोघांचा जीव आहे, म्हणजे काहीतरी नातं आहे.

आणि अशात जागा निघाली. भौतिकशास्त्राची एक पूर्णवेळ जागा भरायला परवानगी आली. मी शिकवायला लागल्यापासूनची पहिली. ती मिळाली तर कपाटाजवळचा बाक सुटणार होता, आणि उन्हाळ्यातही मी सर राहणार होतो. माझ्या लग्नाच्या बोलण्या एकाच प्रश्नावर येऊन थांबायच्या, पोरगा पर्मनंट हाय का? ते थांबणं संपणार होतं. माझी सेटची परीक्षा झालेली, प्रबंध जमा करायच्या बेतात. मुलांचे निकाल चांगले. कागदावर मी कुठेही कमी नव्हतो.

मित्र मागेच लागला. "सर, रविवारी जाताच ना? विषय काढा."

"काढायची गरज नाही."

"काहून नाही?"

"त्यांना माहीत आहे मी अर्ज केला म्हणून."

"त्यायले हेही माहीत हाय का धानाचा भाव काय हाय. तरी लोकं जाऊन सांगतातच ना."

मी नाही काढला. यात मला काय वाटत होतं ते नीट सांगतो. आमच्याकडे ज्याने शेजारी बसवून चहा पाजला तो आपला झाला. आपल्या माणसाकडे तोंडाने मागणं म्हणजे त्या चहाचा अपमान. तो स्वतःहून करतो, आणि केल्यावर आपण जन्मभर आठवण ठेवायची असते. मी लहानपणापासून हेच पाहत आलो होतो. गुरुजींकडे वडिलांनी काही मागितलं नव्हतं. गुरुजी आपणहून आले होते. मायलाही मी साहेबांकडच्या रविवारांचं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "आता कायची फिकर? त्यानं तुले संग बसोलं." आणि गल्लीतल्या बायांना तिने ते सांगूनही टाकलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवार पुष्कळ होते. बाहेरच्या बाकावर बसलो असताना आतून येणारा प्रत्येक जण कपाळ पुसत येत होता. एकाला पुंजयामिकीवर धरलं, एकाला फळ्यावर समीकरण सोडवायला लावलं. शेजारच्या जिल्ह्यातून आलेला एक उमेदवार बराच वेळ आत होता. बाहेर येऊन म्हणाला, "खूप खोलात विचारतात." मी सगळी उजळणी केली होती. उलट मला आतून हुरूप येत होता.

आत गेलो. विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, प्राचार्य, आणि मधे साहेब. एका तज्ज्ञांनी माझी फाईल उघडली आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "हे सर आमचे दर्दी माणूस. थांबा, तुमाले एक गंमत दाखवतो." आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "सांगा, सर, यायले."

मी सांगितलं. किती छान सांगितलं ते मला आजही आठवतं. तज्ज्ञांनी घड्याळ हातात घेतलं, उलटून पाहिलं, दुसऱ्यांनी मोबाईलच्या उजेडात पाहिलं. एकाने विचारलं, तास बदलताना चकतीला झटका बसत नाही का? मी टेबलावर पेपरवेट फिरवून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "वा, सर. तुम्ही शिकवता चांगलं." प्राचार्यांनी घंटी वाजवली. पुढच्याला बोलवायचं होतं. साहेबांनी घड्याळ पुन्हा हातावर चढवलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी बाहेर आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. मित्र जिन्याशी थांबला होता. "काय विचारलं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो टाळी देईल. तो म्हणाला, "विषयातलं काईच नाही?"

"नाही. गरजच पडली नाही त्यांना."

"सर, राग नका मानू. ज्याले घ्याचं रायते त्याले विषयातलं विचारतात. कागदावर मार्क मांडा लागते ना. ज्याले काईच विचारलं नाही त्याले मार्क कायचे देईन?"

मी त्याच्यावर चिडलो. म्हणालो, तुला लोकांचं चांगलं बघवत नाही. तो म्हणाला, "असंन बाप्पा," आणि पायऱ्या उतरून गेला.

यादी लागली. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या उमेदवाराचं नाव होतं. तो कोणाचा कोण लागत होता हे नंतर कानावर आलं. ते खरं की खोटं मला माहीत नाही, आणि त्याला विषय येत नव्हता असंही मी म्हणणार नाही. मला वेगळीच गोष्ट छळत राहिली. साहेबांनी ठरवून ते घड्याळ टेबलावर ठेवलं होतं का? मुलाखतीतली माझी वेळ त्यातच संपावी म्हणून? खूप दिवस मी तसं मानायचा प्रयत्न केला. निदान त्यात माझी दखल तरी होती. पण मी त्यांना इतके रविवार जवळून पाहिलं होतं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. समोर तज्ज्ञ होते, नवीन पाहुणे होते, हातावर घड्याळ होतं आणि सांगणारा माणूस आत आला होता. मी कशासाठी आलो आहे हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातच नव्हतं. असल्या घड्याळाबरोबर जशी एक लाकडी पेटी येते तसा मी होतो.

मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"तू बोलला होता का त्याले, का मले लावा म्हून?"

"नाही."

"एकडावही नाही?"

"नाही, माय."

"मंग कायले गेला येवढे रविवार? शर्ट मात्र मी धुवू." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मले वाटलं, शिकेल लोकायची रीत अलग असंन. तं तेही तसेच." आणि सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला.

गल्लीतल्या बाया पुढे बरेच दिवस तिला विचारत होत्या, लागला का पोरगा? ती म्हणायची, लागणार हाय. मला ते ऐकू यायचं.

परीक्षा झाल्या, नेमणूक संपली. उन्हाळ्यात शिकवण्या घेतल्या. जून सरत आला तशी नव्या अर्जांची वेळ आली, आणि एका सकाळी साहेबांचा फोन आला. "सर, कुठं गायब? येऊन जा."

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. तासिकांच्या नेमणुकीवर सही त्यांचीच असते, हे एक कारण. दुसरं मला तेव्हा स्वतःलाही कबूल करायचं नव्हतं.

तोच हॉल, तोच सोफा. चहा आला. साहेबांनी आधी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या जागेचं मनावर घेऊ नका, सर. वरून दबाव होता. बाहेरच्या माणसाले नाही म्हणता येत नाही, तो बोंबलते. तुम्ही आपले. तुम्ही समजून घ्याल."

म्हणजे माझा समज चुकला नव्हता. त्यांनी मला खरोखरच आपला मानलं होतं. आपला म्हणजे ज्याला थांबवता येतं. वडिलांचे मालकही सणाच्या तोंडावर वडिलांना हेच म्हणायचे, तू तं घरचा हायेस. वडील ते कौतुकाने घरी येऊन सांगायचे. मी पदवी घेतली, पदव्युत्तर झालो, सेट झालो, आणि येऊन बसलो त्याच वाक्यासमोर. फरक एवढाच की मी ते सोफ्यावर बसून ऐकलं.

"हो साहेब," मी म्हणालो.

"यावर्षी तासिका वाढवून देऊ तुमाले. प्राचार्याले सांगतो." आणि मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. आतून त्यांनी एक पेटी आणली. "हे पाहा. पोरानं पाठवलं. याले एकच काटा हाय. दुपारी जेवणाले लोकं येऊन राहिले, त्यायच्या आधी मले सांगून ठेवा काय हाय ते."

त्यांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. मी घरून निघताना ठरवून आलो होतो, काही दाखवलं तर म्हणायचं, साहेब, यात काही दम नाही, फसवलं तुम्हाला. निदान एवढं तरी करायचं. मी ते उजेडाकडे धरलं. गडद निळी तबकडी, तिच्यावर चोवीस तासांच्या बारीक रेषा, दुपार वर आणि मध्यरात्र खाली. एक बारीक काटा, इतका सावकाश की हलताना दिसणारच नाही. कुठेही एक रेष जास्त नव्हती, एक कमी नव्हती. ज्याने बनवलं त्याने त्यावर फार प्रेमाने हात फिरवला होता.

साहेब वाट पाहत होते. "काय, चांगलं हाय ना?"

चांगलं नाही असं माझ्या तोंडून निघेना. फार सुंदर होतं ते.

"हो साहेब, चांगलं आहे," मी म्हणालो, आणि त्यांना वेळ कशी वाचायची ते सांगू लागलो.